ट्रॉलीला किल्ली नसते!

होस्टेलमध्ये चोरीचा विषय निघाला की तो मोबाईल, सायकल, बादली आणि वाळत घातलेली जीन्स यापलीकडे सहसा जात नाही. बाईक पार्किंगमध्ये लावली की आपण हँडल लॉक करतो, काही सावध मंडळी वरून डिस्क लॉक लावतात, आणि काही महाभाग तर साखळीही घालतात. चांगली गोष्ट आहे. पण आपल्यातल्या कितीतरी जणांच्या घरी, अंगणाबाहेर किंवा शेताच्या धुऱ्यावर, लाख-दोन लाखांची एक वस्तू वर्षाचे बाराही महिने बिनकुलपाची उभी असते. तिला किल्ली नाही, इंजिन नाही, हॉर्न नाही, आणि बऱ्याचदा नंबरही नाही. ती म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली. आमच्या भाषेत 'टॉली'.

माझं गाव रिठद, तालुका रिसोड, जिल्हा वाशिम. सोयाबीन, तूर, हरभरा, हळद पिकवणारा आमचा भाग. ऑक्टोबरात सोयाबीन निघालं की ट्रॉलीला उसंत नसते. शेतातून खळ्यावर, खळ्यावरून घरी, घरून बाजार समितीत. मग शेणखत, मुरूम, विटा, लग्नाचं वऱ्हाड, यात्रा... एका घरची ट्रॉली दहा घरांच्या कामी येते. ज्याच्याकडे ट्रॅक्टरचं हेड आहे पण ट्रॉली नाही, तो शेजाऱ्याकडे येऊन म्हणतो, "काका, टॉली नेऊ का उद्या? सोयाबीन न्याचं हाये रिसोडले." आणि काका म्हणतात, "ने ना बापू, पण संध्याकाळी आणून लाव." व्यवहार संपला! ना कागद, ना डिपॉझिट. या विश्वासावर आमची गावं चालतात, हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं म्हणणं त्याच विश्वासाबद्दल आहे.

आता चोरीकडे वळू. स्थानिक गुन्हे शाखेने ट्रॅक्टर-ट्रॉली चोरणारी टोळी पकडली, अशी बातमी महाराष्ट्रात कुठे ना कुठे अधूनमधून छापून येतच असते. आपण ती वाचतो आणि पान उलटतो. पण इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने तिथे थांबून विचारायला हवं, की हे इतकं सोपं का आहे?

उत्तर ट्रॉलीच्या रचनेतच आहे. बाकी प्रत्येक वाहन अनोळखी माणसाला विरोध करतं. किल्ली मागतं, लॉक मागतं. ट्रॉली मात्र कोणत्याही ट्रॅक्टरमागे जाता यावी म्हणूनच बनवलेली असते. दांडीच्या टोकाला एक रिंग, ट्रॅक्टरच्या मागच्या हुकात ती बसवायची, वरून पिन टाकायची, चाललं! हीच सोय शेजाऱ्याच्या कामी येते आणि हीच चोराच्याही. चोराला कुलूप तोडायचं नाही, वायर जोडायची नाही. त्याला फक्त एक ट्रॅक्टर आणि एक पिन आणायची आहे. आणि आमच्याकडे रात्री ट्रॅक्टरचा आवाज आला म्हणून कोणी उठून बसत नाही. नांगरटीच्या, मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टर रात्रभर चालूच असतात. ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटरने जरी चालला, तरी रात्री अकरा ते पहाटे चार या पाच तासांत १०० किलोमीटर होतात. म्हणजे काका सकाळी दूध काढायला उठेपर्यंत ट्रॉली हिंगोली, बुलडाणा किंवा अकोला जिल्ह्यात पोचलेली असते.

तुम्ही म्हणाल, हा खेड्यातला प्रश्न आहे. तसं नाही. परदेशात लोक कारच्या मागे चाकांवरचं घर जोडून फिरायला जातात. कॅरॅव्हॅन म्हणा, ट्रॅव्हल ट्रेलर म्हणा. (आपल्याकडेही महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं.) ते घर सुट्टीचे दिवस सोडले तर कुठेतरी नुसतं उभं असतं. त्यालाही इंजिन नाही, किल्ली नाही, आणि कोणतीही कार ते ओढून नेऊ शकते. म्हणजे लंडनच्या गोऱ्या साहेबाचं दुखणं आणि रिठदच्या काकांचं दुखणं अगदी एकच आहे!

आणि चाकांवरचं घर आपल्याला नवीन आहे असंही नाही. आषाढीच्या वारीत दिंड्यांबरोबर ताडपत्री घातलेल्या ट्रॉल्या चालतात. अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी, शिधा सगळं त्यात. शेगावची पालखी शिरपूर-रिसोडवरून जाते तेव्हा आम्ही हे लहानपणापासून बघतो. पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्यांनी तर २०२०-२१ मध्ये दिल्लीच्या सिंघू आणि टिकरी सीमेवर एक वर्षाहून अधिक काळ ट्रॉल्यांमध्ये संसार केला. पुढे मार्च २०२५ मध्ये शंभू आणि खनौरी सीमेवरचं आंदोलन पोलिसांनी हटवलं, त्यानंतर आपल्या ट्रॉल्या सापडत नाहीत अशा तक्रारी शेतकऱ्यांनी केल्या. आंदोलनाबद्दल मत काहीही असो, पण 'ही ट्रॉली माझीच' हे सिद्ध करायची वेळ कोणावरही येऊ शकते, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

मग करायचं काय? आपण इंजिनिअर लोक. 'अँटी थेफ्ट' म्हटलं की आपल्या डोक्यात लगेच जीपीएस, जीएसएम, आर्दुइनो नाचायला लागतात. ते शेवटी ठेवू. फुकटातल्या गोष्टींपासून सुरुवात करू.

पहिली गोष्ट म्हणजे ट्रॉली उभी कशी करता. बहुतेक ट्रॉल्या दांडी रस्त्याकडे करून उभ्या असतात, कारण सकाळी जोडायला सोपं जातं. चोरालाही तेच सोपं जातं! दांडी भिंतीकडे किंवा झाडाकडे करून लावली, तर चोराच्या ट्रॅक्टरला मागे घेऊन हूक जुळवायला जागाच उरत नाही. दोन ट्रॉल्या असतील तर दांड्या समोरासमोर येतील अशा लावाव्यात. खर्च शून्य. सकाळी पाच मिनिटं जास्त लागतील, एवढंच.

दुसरी गोष्ट, पिन. पुष्कळ लोक ट्रॉली सोडल्यावर पिन घरात आणून ठेवतात आणि निर्धास्त झोपतात. पण पिन नेल्याने रिंग मोकळीच राहते, आणि चोर स्वतःची पिन घेऊन येतो. म्हणजे पिन लपवायची नाही, तर रिंगचं भोक बुजवायचं आहे. कॅरॅव्हॅनची कुलपं याच तत्त्वावर असतात. जोडणीचा जो खळगा आहे तो भरून टाकायचा, म्हणजे दुसऱ्याचा हूक त्यात बसतच नाही. हे आपल्या गावच्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेता येतं. रिंगमध्ये घट्ट बसणारा जाड रॉड, एका टोकाला कायमची वेल्ड केलेली मोठी चकती, दुसऱ्या टोकाला काढता येणारी चकती आणि तिच्यावर कुलूप. कुलपाची कडी मात्र जाड पाइपच्या तुकड्यात झाकलेली हवी, नाहीतर कटरने ती सहज तुटते.

तिसरी गोष्ट, चाक. रिंग बुजवली तरी दांडीला साखळी गुंडाळून ट्रॉली ओढता येते. टोचन करून बंद गाडी नेतात तशी. म्हणून एक जाड साखळी चाकाच्या डिस्कमधल्या भोकातून काढून ॲक्सलला बांधावी. चाक फिरलंच नाही तर ट्रॉली फरफटत न्यावी लागेल, आणि तो आवाज ट्रॅक्टरच्या रोजच्या आवाजासारखा नसतो. गाव जागं होतं.

एक गोष्ट खरी, की बॅटरीवरच्या ग्राइंडरपुढे कोणतंच कुलूप फार वेळ टिकत नाही. कुलूप चोरी थांबवत नाही, चोराचा वेळ खातं आणि त्याला आवाज करायला लावतं. मेकॅनिकलच्या मुलांनी हे 'फॅक्टर ऑफ सेफ्टी'सारखं समजावं!

पण माझं खरं म्हणणं यापुढे आहे. कुलूप लावलं की संध्याकाळी येणाऱ्या बापूलाही कुलूपच लागतं. काका शेतात असले तर किल्ली शोधा. काका गावाला गेले तर ट्रॉली नाही. चार-दोन वेळा असं झालं की मागणारा मागणं सोडतो, देणारा देणं सोडतो. आणि एकदा गावात चोरी झाली की मग प्रत्येकजण प्रत्येकाकडे संशयाने बघतो. "परवा कोण नेली होती? त्यालेच माहीत होतं कुठं लावतो ते." चोर शंभर किलोमीटरवर, आणि भांडण गल्लीत! ट्रॉली गेल्याचं नुकसान हंगामाभरात भरून निघेल, हे नुकसान भरून निघत नाही. म्हणून मला वाटतं, नुसत्या कुलपावर भर देणं बरोबर नाही. कुलूप चोराला अडवतं आणि शेजाऱ्यालाही अडवतं. फक्त चोराला अडवणारी गोष्ट वेगळी आहे, आणि ती म्हणजे ओळख.

जरा विचार करा. चोर ट्रॉली घरी पूजेला ठेवण्यासाठी नेत नाही. त्याला ती विकायची असते. विकत कोण घेतं? कोणी डॉन वगैरे नाही. दुसऱ्या तालुक्यातला आपल्यासारखाच एक शेतकरी, किंवा भंगारवाला. "स्वस्तात मिळतेय, कागद नाहीत पण काय फरक पडतो, कोणाच्या ट्रॉलीला कागद असतात?" हे वाक्य महत्त्वाचं आहे. कारण ते बऱ्याच अंशी खरं आहे! गावोगावच्या कितीतरी ट्रॉल्या वर्कशॉपमध्ये बनवून आणलेल्या, कधीच पासिंग न झालेल्या. मालक शंभर टक्के प्रामाणिक, पण कागद नाही, नंबर नाही, विमा नाही. चोरीची ट्रॉली या प्रामाणिक पण बिनकागदाच्या ट्रॉल्यांच्या गर्दीत लपते. सगळ्यांच्याच ट्रॉल्यांना नंबर असता, तर बिननंबरची ट्रॉली बाजारात उभी राहताच डोळ्यात खुपली असती.

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये 'मोटार वाहन' या शब्दाच्या व्याख्येतच ट्रेलर धरलेला आहे. म्हणजे इंजिन नसलं तरी ट्रॉली हे वाहन आहे, आणि वाहनाला नोंदणी लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, पण माल किंवा प्रवासी वाहून नेणाऱ्या वाहनाची चोरी कलम ३०५ मध्ये वेगळी धरली असून तिला सात वर्षांपर्यंत कैद आहे. आणि कलम ३१७ विकत घेणाऱ्यासाठी आहे. माल चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना, तो अप्रामाणिकपणे घेणाराही गुन्हेगार ठरतो. निम्म्या किमतीत, बिनकागदाची, चेसिस नंबर घासलेली ट्रॉली समोर असताना 'मला काय माहीत' म्हणणं कठीण जाईल.

ब्रिटनमध्ये कॅरॅव्हॅनची सरकारी नोंदणी नसते. तिथे १९९२ मध्ये कॅरॅव्हॅन उद्योगाने स्वतःच एक नोंदवही सुरू केली. प्रत्येक नव्या कॅरॅव्हॅनला १७ अंकाक्षरी ओळख क्रमांक द्यायचा, तो चेसिसवर तर टाकायचाच पण खिडक्यांच्या काचांवरही कोरायचा, आणि मालकाचं नाव नोंदवहीत ठेवायचं. चोराला एक नंबर घासता येईल, पण सगळ्या काचा बदलायच्या म्हणजे धंदा परवडत नाही. साधी कल्पना आहे. तीच आपल्याकडे का आणू नये?

ट्रॉलीला काचा नसतात, पण लोखंड भरपूर असतं. अक्षरांचा पंच सेट हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. दांडीवर एक नंबर ठळक, आणि तोच नंबर आणखी दोन ठिकाणी गुपचूप. उदाहरणार्थ चेसिसच्या आतल्या बाजूला, किंवा मागच्या फाळक्याच्या बिजागरीजवळ, जिथे फक्त मालकाला माहीत आहे. शिवाय तळाला वेल्डिंगने दोन आद्याक्षरं. आणि दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरांत गावाचं नाव, 'रिठद, ता. रिसोड'. मग मोबाईलवर सगळ्याचे फोटो काढून घरच्या दोघांकडे ठेवायचे.

इथे कोणीतरी म्हणेल, "चोर ग्राइंडर मारून नंबर उडवेल की!" उडवू द्या. मटेरियल सायन्सचा पेपर आठवतोय का? पंच मारताना वरचं लोखंडच दबतं असं नाही, खालच्या थरातले कणही विकृत होतात. वरचा थर घासून गुळगुळीत केला तरी खाली तो ताण शिल्लक राहतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत अशा पृष्ठभागावर फ्राय रिएजंटसारखं आम्लयुक्त रसायन लावतात. ताण पडलेला भाग आणि बाकीचा भाग त्याला वेगवेगळा प्रतिसाद देतात आणि घासलेला नंबर पुन्हा दिसू लागतो. फार खोल घासलं तर नाही दिसत, पण म्हणूनच तर दोन गुप्त जागा! आपण ज्या 'स्ट्रेन हार्डनिंग'ला व्हायव्हात घाबरतो, ते असं कामाला येतं.

आता आपल्या लाडक्या जीपीएसकडे येऊ. दरवर्षी प्रोजेक्टच्या यादीत 'व्हेइकल ट्रॅकिंग ॲण्ड अँटी थेफ्ट सिस्टीम' असतंच. ते नेहमी बाईक किंवा कारसाठी असतं, कारण तिथे बॅटरी तयार मिळते. ट्रॉलीत बॅटरीच नाही. इथे खरं इंजिनिअरिंग सुरू होतं. समजा यंत्र सतत ५० मिलिॲम्पिअर खातं आणि सेल ३००० मिलिॲम्पिअर-अवरचा आहे. ६० तासांत, म्हणजे अडीच दिवसांत खेळ खल्लास. पण तेच यंत्र झोपवून ठेवलं, फक्त हालचाल ओळखणारा सेन्सर जागा ठेवला आणि खर्च ०.०५ मिलिॲम्पिअरवर आणला, तर कागदावर ६०,००० तास, म्हणजे साडेसहा वर्षांच्या वर होतात! प्रत्यक्षात सेल आपोआपही उतरतो, मेसेज पाठवताना जास्त करंट लागतो, त्यामुळे इतकं चालणार नाही. पण काही महिने चाललं तरी शेतकऱ्याला पुरे. दुसरा प्रश्न, यंत्र लोखंडी फळीखाली लपवलं तर उपग्रहाचा सिग्नल त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही. म्हणजे लपलेलंही हवं आणि आकाशही दिसायला हवं. तिसरा प्रश्न, स्वस्त मिळतं ते मॉड्यूल टूजीचं असतं, आणि जिओचं टूजी जाळंच नाही. चौथा, बापूने सांगून नेली तेव्हा आणि चोराने नेली तेव्हा हालचाल सारखीच. मग फरक कसा ओळखायचा? हे चार प्रश्न सोडवणारा प्रोजेक्ट कोणी केला तर तो डिपार्टमेंटच्या कपाटात धूळ खात पडणार नाही, एवढं नक्की. आपल्या गाईड सरांना आणि मॅडमना माझी नम्र विनंती आहे, की या वर्षी एका तरी ग्रुपला हा विषय द्यावा.

पण त्यासाठी थांबायचीही गरज नाही. आपलं राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर दरवर्षी कुठल्यातरी गावात होतं. आपण भिंतींवर घोषणा रंगवतो, रस्ता झाडतो, शेवटच्या दिवशी सांस्कृतिक कार्यक्रम करतो. सगळं छान आहे. त्यातला एक दिवस ट्रॉल्यांना देऊया. चार पंच सेट, चार हातोड्या, रंगाचे डबे, अक्षरांचे स्टेन्सिल. गावातल्या प्रत्येक ट्रॉलीला नंबर टाकायचा, फोटो काढायचे, आणि एका वहीत मालकाचं नाव, ट्रॉलीचं माप, रंग, चाकं, ओळखीच्या खुणा लिहून ती वही पोलीस पाटलांकडे द्यायची. गुप्त जागा मात्र वहीत लिहायच्या नाहीत, त्या मालकापाशीच राहू द्यायच्या. ज्यांच्याकडे चेसिस नंबर आणि बिल आहे त्यांना नोंदणीसाठी काय काय लागतं ते आरटीओत विचारून लिहून द्यायचं. गावच्या वहीने नोंदणीची जागा भरून निघत नाही, हेही तिथेच स्पष्ट सांगायचं. पण उद्या तक्रार द्यायची वेळ आली तर 'एक लाल ट्रॉली' असं सांगणारा माणूस आणि फोटो-नंबर हातात असणारा माणूस, यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. तक्रारीबद्दल एक गोष्ट घरी जरूर सांगा. चोरी दुसऱ्या हद्दीत झाली म्हणून पोलीस ठाण्यातून परत यायचं कारण नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते.

बचत गटांच्या बाबतीत तर हे आणखी गरजेचं आहे. समाजकल्याण खात्याच्या योजनेतून अनुसूचित जाती आणि नवबौद्धांच्या बचत गटांना ९० टक्के अनुदानावर मिनी ट्रॅक्टर आणि त्याच्यासोबत ट्रेलर मिळतो. ती ट्रॉली दहा घरांची असते. सगळ्यांची वस्तू असली की रात्री तिच्याकडे बघायचं कोणी, हा प्रश्न येतोच. तिथे पहिल्याच दिवशी नंबर, फोटो आणि कोणत्या आठवड्याला कोणाच्या दारात उभी राहील हे ठरवलं, तर पुढचे वाद वाचतील.

शेवटचं आणि जरा कडू. आपल्यापैकी कोणाच्या घरी उद्या स्वस्तातली ट्रॉली चालून आली, तर बाबांना किंवा मोठ्या भावाला 'कागद बघितले का?' हे विचारायचं धाडस आपण करणार का? घरात शिकलेला एकच असेल तर हे काम त्याचंच आहे. "अरे, सगळेच घेतात" असं उत्तर मिळेल, रागही येईल. तरी विचारायचं. कारण गिऱ्हाईक मिळालं नाही तर कोणी रात्री ट्रॅक्टर घेऊन शंभर किलोमीटर येणार नाही. बाकी कुलपं, साखळ्या, सेन्सर हे सगळं त्यानंतर.

दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा फराळ झाल्यावर ट्रॉलीभोवती एक चक्कर मारा. दांडी कुठे आहे, रिंग मोकळी आहे का, नंबर दिसतो का, कागद कोणत्या पेटीत आहेत... एवढं बघा. आणि पंच सेट हवा असेल तर वर्कशॉपच्या सरांना विचारा, ते नाही म्हणायचे नाहीत!